अभ्यासकाचा मुक्काम कुठं होता?

भावाची पोरगी समाजशास्त्र घेऊन बी. ए. करते. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड घेऊन मोठ्यानं घोकत बसली होती. 'टीप लिहा : संस्कृतीकरण.' खालच्या जाती वरच्या जातींचं खाणंपिणं, विधी, रीतभात उचलतात आणि एकदोन पिढ्यांत वरची पायरी गाठतात, अशी काहीशी व्याख्या. खाली उदाहरणं. मांस सोडणं, दारू सोडणं, वगैरे. माझी आई शेजारी लसूण सोलत बसलेली. तिनं विचारलं, हे काय गं? पोरगी म्हणाली, आजी, तुम्ही लोकांनी मेलेल्या ढोराचं खाणं सोडलं ना, तेच हे. वरच्यांसारखं वागायला लागलात.

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमी कुनावानी वागाय न्हाय लागलो. ढोर वढायचं बंद केलं. तवा गावानं गिरण बंद केली आमाला. दुकान बंद केलं. माझा बा डोक्यावर पायली घिऊन दुसऱ्या गावाला दळाय जायाचा."

धर्मांतराच्या पुढच्या वर्षीची, १९५७ ची ही गोष्ट. आई तेव्हा चौदापंधरा वर्षांची असेल.

आता प्रकार एकच आहे. मेलेलं जनावर खाणं थांबलं. पुस्तक म्हणतं ही नक्कल. आई म्हणते हा नकार. आणि उद्या पेपरात मार्क पुस्तकाला मिळणार आहेत, आईला नाही. म्हणजे आमच्याच घरातली पोरगी आमच्याच म्हातारीबद्दल चुकीची साक्ष देऊन पास होणार. म्हणून हे लिहायला बसलो. विद्वानांच्या भानगडीत आपल्याला काय करायचंय, असं म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट राहिलेली नाही.

गाईडवाल्याला शिव्या देऊन भागणार नाही. तो बिचारा वरून आलेलं उतरवतो. शब्द आला एम. एन. श्रीनिवास यांच्याकडून. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली शिकले, मग ऑक्सफर्डला गेले. कूर्ग लोकांच्या धर्माबद्दलचं त्यांचं पुस्तक १९५२ साली आलं, त्यात ही कल्पना मांडली. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुस्तकात त्या गावाला त्यांनी रामपुरा असं नाव दिलंय. पुढं १९७० च्या एप्रिलात अमेरिकेत स्टॅनफर्डला ते होते तिथल्या संस्थेत जाळपोळ झाली आणि त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. माणूस खचून गेला असता. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहायला घेतलं, ते १९७६ साली निघालं. वाचलं तर पाहिजेच असं पुस्तक आहे. माणसं त्यात जिवंत चालतात बोलतात. शेतातलं भांडण, पाटलाचा तोरा, चहाच्या दुकानातली कुजबुज, सगळं आहे. खेड्यात ज्या जातीकडं जमीन, माणसं आणि वजन असतं ती 'प्रभावी जात', ही त्यांचीच दुसरी कल्पना, आणि ती आपल्या फार कामाची आहे. खेड्यात आपल्याला मारतो तो पोथीवाला भट क्वचितच असतो, हे ज्याला समजून घ्यायचंय त्यानं ती वाचावी.

पण मला प्रश्न साधा विचारायचाय. या अभ्यासकाचा मुक्काम कुठं होता?

मुक्काम होता गावच्या मुखियाच्या जागेत. आपण ज्याला पाटील म्हणू त्या माणसाकडं. बैल बांधायच्या घरातच त्यांची सोय केली होती. मुखिया वक्कलिग, जमीनवाल्या जातीचा. अभ्यासक अय्यंगार ब्राह्मण. गावानं त्यांना ब्राह्मण म्हणूनच वागवलं, आणि ब्राह्मणानं ब्राह्मणासारखं राहावं ही गावाची अपेक्षा. मग हरिजनवाड्यात त्यांचं कितीसं जाणं होणार? आपण गाव पाहिलं ते वरच्यांच्या बाजूनं, ही कबुली श्रीनिवासांनी स्वतःच दिलीय. माणूस प्रामाणिक. पण कबुली पुस्तकात राहिली आणि व्याख्या गाईडात गेली. व्याख्येबरोबर कबुली गेली नाही. विद्यापीठांत हे असंच चालतं.

आणखी एक. अस्पृश्यांनी कितीही संस्कृतीकरण केलं तरी त्यांना अस्पृश्यतेची रेघ ओलांडता येत नाही, हेही श्रीनिवासांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे शिडी आहे, पण आपल्यासाठी नाही. मग ज्या कल्पनेत आपल्याला जागाच नाही तिच्यात आपली उदाहरणं कोंबली कुणी? ज्यांनी पुस्तक वाचलं नाही आणि शिकवलं, त्यांनी.

मुक्कामाचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला मी गढवालची हकीकत सांगतो. जेराल्ड बेरेमन नावाचा अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९५७-५८ साली हिमालयातल्या एका खेड्यात राहिला. त्यानं गावाला सिरकंडा हे नाव दिलं. गावात राजपूत आणि ब्राह्मण वरचे, डोम लोक खालचे. बेरेमनचा दुभाषा होता शर्मा, ब्राह्मण. कामाला सुरुवात झाली, वह्या भरू लागल्या. काही महिन्यांनी शर्मा आजारी पडला आणि काम सोडून गेला. त्याच्या जागी आला मोहम्मद, वयस्कर, मुसलमान, पूर्वीचा शिक्षक.

आणि गाव बदललं! गाव तेच, माणसं तीच, गोराही तोच. पण शर्मासमोर तोंड न उघडणारे डोम लोक बोलायला लागले. वरच्यांबद्दल त्यांना खरं काय वाटतं ते बाहेर आलं. शर्मा असताना राजपूतही जपून बोलत, कारण पहाडातले ब्राह्मण-राजपूत मांस खातात, दारू पितात, बकरं कापतात, आणि हे मैदानातल्या ब्राह्मणाला कसं दाखवायचं? म्हणजे शर्मानं दोन्हीकडून झाकलेलं गाव दाखवलं होतं. बेरेमननं हे सगळं १९६२ साली एका पुस्तिकेत मांडलं. अनेक मुखवट्यांच्या मागे, असा तिच्या नावाचा अर्थ. मला विचाराल तर जातीवर लिहिलेल्या शंभर जाडजूड पुस्तकांत ही बारीक पुस्तिका आधी वाचावी. शर्मा आजारी पडला नसता तर आणखी एक पुस्तक निघालं असतं की खालचे लोक आपल्या नशिबावर खूश आहेत.

त्याच बेरेमननं १९६० साली एक लेख लिहिला होता. हिंदुस्थानातली जात आणि अमेरिकेच्या दक्षिणेतलं काळ्या-गोऱ्यांचं नातं यांची त्यात तुलना केली. त्याचं म्हणणं, दोन्हीकडं खालचा माणूस गप्प बसतो तो पटलेलं असतं म्हणून नव्हे. बोललं तर काय होतं ते त्याला ठाऊक असतं म्हणून. यात आपल्याला नवं काही नाही. ज्यानं गावात जोहार घातलाय त्याला विचारा, जोहार घालताना मनात काय चाललेलं असायचं.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिकडचा एक खटाटोप सांगायलाच हवा. ब्लॅक पँथरकडं बघून १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर काढली, नाव घेतलं, डरकाळी घेतली. पण त्यांच्या अभ्यासाकडं आपण फारसं बघितलं नाही. मिसिसिपी राज्यात नॅचेझ नावाचं गाव आहे. तिथं १९३३ ते १९३५ च्या सुमारास दोन जोडपी राहायला गेली. ॲलिसन डेव्हिस आणि त्याची बायको एलिझाबेथ, दोघं काळे. बर्ले गार्डनर आणि त्याची बायको मेरी, दोघं गोरे. काळं जोडपं काळ्यांत राहिलं, गोरं गोऱ्यांत. एकाच गावाचा अभ्यास दोन दारांनी. पण चौघं एका कामावर आहेत हे गावाला कळता कामा नये. बरोबरीनं बसून बोलणं तिथं गुन्ह्यासारखंच. त्यांना एकमेकांना भेटायचं तर चोरून, गाडीत बसून आडरस्त्याला जाऊन भेटावं लागे. त्यातून १९४१ साली पुस्तक झालं, 'डीप साउथ'. तिथल्या काळ्या-गोऱ्यांच्या व्यवस्थेला त्यांनी सरळ जात हा शब्द लावला.

इथं मी थांबतो जरा. आपल्याकडं असं कुणी केलंय? एक ब्राह्मण अभ्यासक पाटलाच्या वाड्यात आणि एक महार किंवा मांग अभ्यासक त्याच गावाच्या वाड्यावस्तीत, आणि दोघांच्या वह्या शेवटी एका टेबलावर. माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्या वस्तीत येतात ते पोरगे-पोरी प्रश्नावली घेऊन येतात. मी शाळेत होतो तेव्हा असाच एक आला होता, कुठल्या विद्यापीठाचा ते आता सांगत नाही. चहा घेतला नाही. पोटाचं कारण सांगितलं. घरात माणसं किती, शिक्षण किती, देव कोणता. आईनं सांगितलं, देव नाही. त्यानं लिहिलं, माहिती नाही. मी त्याच्या मागं उभा राहून बघत होतो.

अमेरिकेतल्या या जातीच्या सिद्धांताला मोठा विरोध केला तोही एका काळ्याच माणसानं. ऑलिव्हर कॉक्स, मूळचा त्रिनिदादचा. १९४८ चं त्याचं पुस्तक जात, वर्ग आणि वंश यांच्यावर आहे. तो म्हणतो, काळ्यांच्या गुलामीला जात म्हणू नका. ती भांडवलदारांनी पिळवणुकीसाठी उभी केली. इथपर्यंत त्याचं ऐकावं. पण पुढं तो म्हणतो, हिंदुस्थानातली जात वेगळी, ती शांत आहे, खालच्यांना ती मान्य आहे, तिथं झगडा नाही. १९४८ साली हे छापलंय! महाडला लाठ्या बसून एकवीस वर्षं झाली होती. या भल्या माणसाला हिंदुस्थान भेटला तो पुस्तकांतून, आणि पुस्तकं कुणाची ते सांगायला नको. आपल्यासारखंच भोगलेला, तेवढाच चिडलेला, आणि तरी फसला. तेव्हा नुसतं आपलं असून भागत नाही, हेही लक्षात ठेवा. मायकेल मॉफॅट यानं तर तामिळनाडूतल्या एका गावच्या अस्पृश्यांवरच पुस्तक लिहिलं, १९७९ साली, आणि निष्कर्ष काढला की वरच्यांची जी रचना तीच हे लोक आपल्यातही उभी करतात, म्हणजे त्यांना ती मान्य आहे. लुई द्युमाँच्या शुद्ध-अशुद्धाच्या चष्म्यातून बघितलं की असंच दिसणार. जोन मेंचरनं त्याच्या पाच वर्षं आधी, १९७४ साली, जातीला खालून बघा, ती श्रम लुटायची व्यवस्था दिसेल, असं लिहिलं होतं. तिचं नाव पोरीच्या गाईडात नाही.

आता परत ढोराकडं येऊ. आईच्या वाक्यात मला महत्त्वाचा वाटतो तो शब्द 'वढायचं'. तिनं आधी खाण्याचं नाव घेतलं नाही. गावात बैल मेला की महारानं येऊन तो ओढून न्यायचा, हे वतनातलं काम. मोबदला म्हणून मांस आणि कातडं. म्हणजे खाणं आणि ओढणं एकाच दोरीची दोन टोकं. खाणं सोडलं म्हणजे ओढणं सुटलं, आणि ओढणं सुटलं की पाटलाच्या दारात बैल कुजायला लागला. गाव चिडलं ते याच्यासाठी. महारानं शाकाहारी व्हावं याचं गावाला काही सोयरसुतक नव्हतं. झालाही नाही तो. कोंबडं-बकरं आपण आजही खातो आणि चवीनं खातो. मग ही कसली संस्कृतीची नक्कल? हा संप होता. गावगाड्यातल्या फुकटच्या कामाविरुद्धचा संप, पण शास्त्रात त्याची नोंद झाली आहाराच्या सदरात.

महाडच्या परिषदेत १९ आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणं सोडा म्हणून सांगितलं. आणि त्याच परिषदेतून लोक उठले ते चवदार तळ्यावर गेले. ही दोन कामं वेगळी काढून बघताच येत नाहीत. पाटलाच्या ओसरीवरून बघितलं तर पहिलं 'सुधारणा' दिसतं आणि दुसरं 'दंगा'. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली. ज्यांना वरच्यांसारखं व्हायचंय ते वरच्यांचा ग्रंथ जाळतात का?

पण खोटं बोलायचं नाही. नक्कल करून बघण्याचा काळ आपल्यातही होऊन गेला. देवळात घ्या म्हणून आपण काळारामाच्या दारात १९३० पासून पाच वर्षं बसलो. ते दार उघडलं नाही. मग १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं, आणि १९५६ ला नागपूर झालं. तेव्हा संस्कृतीकरण हा शब्द अगदीच हवेतला नाही. तो आपल्या वाटचालीतल्या एका टप्प्याला लागू पडतो, आणि तो टप्पा आपण टाकून दिला. टाकून का दिला हे सांगायला मात्र त्या शब्दाजवळ काही नाही.

ते सांगणारं लिखाण होतं. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. श्रीनिवासांच्या शब्दाच्या ३६ वर्षं आधी. त्यात नक्कल आहेच. गाब्रिएल तार्द या फ्रेंच पंडिताचे नकलेचे नियम बाबासाहेबांनी पुढं घेतलेत. नक्कल वरून खाली येते, जवळच्यावर जास्त होते, हे सगळं आहे. पण नक्कल कशाची? इथं खरा फरक आहे. ब्राह्मणांनी आधी आपल्याआपल्यातच लग्नं लावून स्वतःला कोंडून घेतलं. त्यांचं बघून इतरांनीही दारं लावली. आणि ज्यांनी लावली नाहीत त्यांच्यासाठी इतरांची दारं बंद झालेली होती. गट तिथल्या तिथं कोंडायचा तर जोडीदार मेलेली बाई आणि बाप्या यांचं काय करायचं हा हिशेब येतो. सती, विधवेला जन्मभर तसंच ठेवणं, पोरीचं लहानपणी लग्न, या चाली त्या हिशेबातून आल्या, असं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे बाईच्या देहावर पहारा बसल्याशिवाय जात उभीच राहत नाही. १९१६ साली!

श्रीनिवासांची नक्कल म्हणजे शिडी, माणूस तिच्यावरून चढतो. बाबासाहेबांची नक्कल म्हणजे कडी, माणूस ती आतून लावून घेतो. पहिलीनं जात चालती राहते कशी ते कळतं. दुसरीनं ती झाली कशी ते कळतं, आणि मोडायची तर हात कुठं घालायचा तेही.

त्या निबंधात आपल्या श्री. व्यं. केतकरांचाही समाचार आहे. ज्ञानकोशकार होण्याआधी केतकरांनी कॉर्नेलला शिकत असताना जातीच्या इतिहासावर इंग्रजी पुस्तक लिहिलं होतं, १९०९ साली. बाबासाहेब त्यांना मान देऊन बोलतात. एकटी जात वेगळी काढून बघू नये, ती सगळ्या व्यवस्थेत बघावी, हे केतकरांना कळलं म्हणून कौतुक करतात. मग सांगतात, लग्नाची बंदी आणि जन्मानं सभासदत्व या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या मोजता, पण त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. वाद असा घालावा. शिवी नाही, लोटांगणही नाही. पुढं १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी घुर्यांच्याच नाकांच्या मोजमापांचे आकडे घेतले आणि त्यांच्यावरूनच दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. मापं त्यांची, उत्तर आपलं.

आणि आपण काय केलं? हा निबंध जयंतीच्या भाषणात नाव घेण्यापुरता ठेवला. गोपाळ गुरूंनी २००२ साली हे तोंडावर सांगितलं की समाजशास्त्रात सिद्धांत करणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र अशी वाटणी झालीय. तेव्हा आपल्यातल्या काही जणांना राग आला. मला वाटतं, राग यावा असं खरं त्यात होतं. आपण भोगलेलं लिहिलं, उत्तम लिहिलं. पण त्याचा अर्थ लावायचं काम दुसऱ्याकडं सोडून दिलं. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' घ्या. त्यात वीरगावचा महारवाडा आहे, आषाढ आहे, पोतराज आहे, सासुरवाशिणींचे हाल आहेत, आणि बाबासाहेबांच्या हाकेनं हे सगळं कसं हललं ते आहे. 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. एका वस्तीचा एवढा आतून केलेला अभ्यास कुठल्या प्रबंधात आहे? पण त्याला आत्मकथन म्हणून ललितच्या कपाटात ठेवलं, आणि आपणही ठेवू दिलं. बाहेरचा म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. एलिनॉर झेलियट अमेरिकेतून आल्या, चळवळीतल्या माणसांना शोधून शोधून भेटल्या, आणि १९६९ साली आंबेडकरी चळवळीवर प्रबंध केला. आपल्याकडच्या कुठल्या पदवीधरानं तेव्हा एवढं केलं होतं?

म्हणून या पानांच्या वाचकांकडं एक मागणं आहे. प्रत्येकाच्या घरात आईसारखं एखादं म्हातारं माणूस अजून आहे, फार दिवस राहणार नाही. त्यांना विचारा. आपल्या गावात ढोर ओढायचं कोणत्या साली बंद झालं? आधी कुणी नाही म्हटलं? बैठक कुठं बसली, बायका बोलल्या का? गावानं काय केलं, गिरणी बंद केली की विहीर, की रानातली वाट? किती दिवस? आपल्यातले कोण फुटले? मांग-चांभारांनी काय केलं? शेवटी ढोर कुणी ओढलं? उत्तर ज्या शब्दांत मिळेल त्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. गावाचं नाव आणि साल घाला. सांगणाऱ्याचं नाव त्याला विचारून घाला. वही करा. पोरगीला मी आईसमोर बसवलंय, तिची दोन पानं झालीत.